वाकड्यातिरक्या चौकटींवर अलार्मचे सेन्सर कसे बसवावेत

अलार्मच्या खोक्यातून निघणाऱ्या कागदावर एक चित्र असतं. सपाट चौकट, तिच्या पातळीत सपाट दार, आणि वरच्या कोपऱ्यात सेन्सर आणि चुंबक शेजारी शेजारी. मी घरात सेन्सर बसवायला घेतले तेव्हा नऊ दारं-खिडक्यांपैकी त्या चित्रासारखी फक्त दोन निघाली. एका खिडकीचा पल्ला चौकटीच्या २२ मिलिमीटर आत बसत होता, एकीला कमान होती, दोन सरकत्या होत्या, मागच्या दाराची चौकट लोखंडी होती आणि उरलेल्यांना उतरत्या पट्ट्या मारलेल्या होत्या. सगळं मार्गी लागायला तीन सुट्ट्या गेल्या. त्यातली दीड सुट्टी चुकीच्या जागी चिकटवलेलं काढण्यात गेली. ती दीड सुट्टी तुमची वाचावी म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो आहे.

पुढे ‘पल्ला’ म्हणेन तेव्हा दाराचा किंवा खिडकीचा उघडणारा भाग समजा, आणि ‘फट’ म्हणजे बंद स्थितीत सेन्सर आणि चुंबक यांच्यामधलं अंतर.

आत काय चालतं ते आधी पाहू

बहुतेक दार-खिडक्यांच्या सेन्सरमध्ये रीड स्विच असतो. काचेच्या बारीक नळीत निकेल आणि लोखंडाच्या मिश्रधातूच्या दोन पातळ पात्या, टोकं एकमेकांवर आलेली पण किंचित सुटी. चुंबक जवळ आला की पात्या एकमेकींना ओढून घेतात आणि विजेचं मंडल पूर्ण होतं. चुंबक दूर गेला की त्या सुटतात आणि पॅनेलला, म्हणजे अलार्मच्या मुख्य डब्याला, ‘उघडलं’ असा निरोप जातो. वॉल्टर एलवूड यांनी १९३६ मध्ये बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हा स्विच तयार केला. नळी सीलबंद असल्यामुळे धूळ आणि दमट हवा संपर्कबिंदूंपर्यंत पोचत नाही, म्हणून खिडकीसारख्या जागी तो वर्षानुवर्षं टिकतो. मात्र नळी काचेची आहे. सेन्सर जागेवर बसत नाही म्हणून हातोडीने ठोकू नका, आणि हातातून फरशीवर पडलेला सेन्सर तपासल्याशिवाय लावू नका.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. पातीला चुंबकाचं क्षेत्र तिच्या लांबीच्या दिशेने हवं असतं. म्हणून पट्टीसारखा लांबट चुंबक सेन्सरमधल्या नळीला समांतर ठेवायचा. तोच चुंबक काटकोनात फिरवून नळीच्या बरोबर मध्यावर धरला, तर तो अगदी जवळ असूनही स्विच जागचा हलत नाही. पण लांबट चुंबक स्वतःच्या लांबीभोवती कसाही फिरवला, म्हणजे त्याचं तोंड वर, खाली किंवा बाजूला कुठेही केलं, तरी त्याचं क्षेत्र जवळजवळ तसंच राहतं. म्हणजे दोन्ही भाग एका पातळीत असण्याची सक्ती नाही. एक भिंतीला आणि दुसरा तिच्याशी काटकोनात असलेल्या पल्ल्याला चिकटलेला असला तरी चालतं. लांब्या समांतर हव्यात, खुणा समोरासमोर हव्यात आणि फट मर्यादेत हवी. अवघड चौकटींचे निम्मे प्रश्न एवढ्याने सुटतात, आणि नेमकी हीच गोष्ट खोक्यातल्या चित्रावरून कळत नाही.

सेन्सरच्या एका कडेला रेघ, बाण किंवा छोटा उंचवटा असतो. नळी त्या कडेजवळ असते. चुंबकावरची खूण तिच्यासमोर यायला हवी. साध्या रीड सेन्सरला चुंबकाचं उत्तर टोक वर आहे की दक्षिण याने फरक पडत नाही. अधिक सुरक्षिततेचे ‘बॅलन्स्ड’ संपर्क (सेन्सरलाच संपर्कही म्हणतात) मात्र बाहेरून दुसरा चुंबक लावून फसवता येऊ नयेत म्हणून घडवलेले असतात. त्यांत दिशा आणि अंतर दोन्ही नेमकी लागतात, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला चुंबक बदलू नका.

हत्यार उचलण्याआधी: पल्ला हलतो किती?

दार कडी लावून बंद करा आणि तळहाताने आत-बाहेर ढकलून बघा. पल्ला चार-पाच मिलिमीटर खुळखुळत असेल, तर पहिलं काम सेन्सरचं नाही, कडी-कोयंड्याचं आहे. कडीचं घर सरकवा, बिजागरीचे स्क्रू आवळा, चौकटीच्या खाचेत फोमची पट्टी लावा. वाऱ्याने हलणाऱ्या दारावर कितीही नेमका सेन्सर बसवला तरी रात्री दोनला सायरन वाजतो. असं दोनदा झालं की घरातली माणसं अलार्म लावायचंच सोडून देतात. खोट्या सूचनेचं खरं नुकसान हे आहे.

मग जागा निवडायची. बिजागरीच्या दारावर सेन्सर उघडणाऱ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात लावतात, त्यामागे हिशेब आहे. ८०० मिलिमीटर रुंदीचं दार कडीच्या बाजूला २५ मिलिमीटर उघडलं, तर बिजागरीपासून १०० मिलिमीटरवर ते जेमतेम ३ मिलिमीटर हललेलं असतं. तिथे सेन्सर असेल तर हात आत जाईपर्यंत त्याला पत्ताच लागणार नाही. खालचा कोपरा नको: तिथे लाथा, झाडू, पाणी आणि लहान मुलं सगळे पोचतात.

फट मोजायला पट्टी आत जात नसेल तर मुलांची खेळण्याची मऊ माती वापरा. पल्ल्यावर जिथे चुंबक येणार तिथे मातीचा गोळा हलकासा चिकटवा, पल्ला पूर्ण बंद करा, उघडा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. बंद स्थितीत तिथे एवढीच जागा असते. चुंबक त्याहून जाड असला तर दार बंदच होणार नाही. ही मोजणी वर, मधे आणि खाली अशा तीन ठिकाणी करा. जुन्या चौकटी क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतात. वर चार मिलिमीटर आणि खाली अकरा, असं सहज निघतं.

शेवटी, कायमचं काही चिकटवण्याआधी दोन्ही भाग कागदी टेपने तात्पुरते लावा, पॅनेल चाचणीच्या स्थितीत ठेवा आणि निदान एक दिवस तसंच वापरा. कोणाचा हात अडतो, पडदा कुठे घासतो, जाळीचा पल्ला आपटतो का, हे त्या एका दिवसात कळतं.

पल्ला आत, चौकट बाहेर

सगळ्यात जास्त भेटणारी अडचण हीच. पल्ला चौकटीच्या पातळीपासून १० ते ३० मिलिमीटर आत बसतो, म्हणून चौकटीवर सेन्सर आणि पल्ल्यावर चुंबक लावला की चुंबक खड्ड्यात राहतो. बाहेर उघडणाऱ्या दारांना खोलीच्या बाजूने पाहिलं तर हे जवळजवळ नेहमीच दिसतं.

पहिला उपाय म्हणजे कोपऱ्याची बांधणी. चौकटीची आतली बाजू आणि पल्ल्याचा दर्शनी भाग जिथे काटकोनात मिळतात, त्या कोपऱ्यात सेन्सर चौकटीच्या त्या आतल्या बाजूवर लावा आणि चुंबक पल्ल्यावर, कोपऱ्याला लागून. दोघांच्या लांब्या कोपऱ्याच्या रेषेला समांतर. तोंडं काटकोनात आहेत, पण वर सांगितलं तसं याने काही बिघडत नाही. फट मात्र दोन वेष्टनांच्या जवळच्या कडांमधली न धरता रीड ते चुंबक अशी धरा. सेन्सरची खुणेची कड पल्ल्याकडे करायची, म्हणजे नळी जवळ येते. त्या २२ मिलिमीटरच्या खिडकीवर मी हेच केलं, आणि कुठलीही जोडपट्टी लागली नाही.

कोपऱ्यात जागा नसेल, उदाहरणार्थ तिथे कडी किंवा जाळीचा ट्रॅक असेल, तर खालचा भाग उचलून वर आणायचा. २२ मिलिमीटर खाली असलेल्या चुंबकाखाली तेवढ्याच उंचीचा ठोकळा द्यायचा. ठोकळा लाकडाचा, ॲक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा चालेल, लोखंडाचा चालणार नाही. थर्माकोल किंवा मऊ फोम वापरू नका: तो दबतो, झिजतो आणि महिन्याभरात चुंबक तिरका होतो. ठोकळा चुंबकाच्या तळापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोठा घ्या, म्हणजे टेपला पकड मिळते. उंची वाढली की तरफेचा जोर वाढतो आणि पडद्याची ओढही उंच ठोकळ्याला उखडते, म्हणून १५ मिलिमीटरच्या वरच्या ठोकळ्याला निदान एक स्क्रू द्याच.

तिसरा मार्ग ॲल्युमिनियमच्या एल-पट्टीचा. एक बाजू पल्ल्यावर, दुसरी बाजू हवेत चौकटीकडे आलेली, तिच्यावर चुंबक. जड दारावर हे मला आवडत नाही, कारण दार आपटलं की पट्टी थरथरते. हलक्या खिडकीवर चांगलं चालतं. पट्टीची धार पॉलिश पेपरने मारून घ्या.

कमान आणि गोल खिडक्या

कमानीची खिडकी दिसली की माणूस कमानीवरच सेन्सर लावायला जातो, कारण पडद्याआड ती जागा लपते. आधी खाली बघा. कमान जिथून सुरू होते त्याच्या खाली दोन्ही बाजूंना बहुधा सरळ उभी चौकट असते. तिथे, बिजागरीच्या विरुद्ध बाजूला, सेन्सर नेहमीसारखा बसतो. कमानीच्या टोकापेक्षा ही जागा बिजागरीपासून लांब असते, म्हणून पल्ला उघडल्याचं लवकर कळतं.

पूर्ण गोल खिडकीला सरळ भागच नसतो. तिथे बिजागरीच्या समोरचा, वर्तुळाचा सर्वांत दूरचा बिंदू घ्या. मधल्या आसावर फिरणारी खिडकी असेल तर आसापासून सर्वांत लांबचा बिंदू.

सपाट तळाचा सेन्सर वक्र चौकटीवर टेकवला की मधे किंवा टोकांना पोकळी राहते. ती किती, हे काढायला सोपा हिशेब आहे: सेन्सरच्या लांबीचा वर्ग भागिले वक्राच्या त्रिज्येची आठपट. ६० मिलिमीटर लांबीचा सेन्सर आणि ६०० मिलिमीटर त्रिज्येची कमान असेल तर पोकळी पाऊण मिलिमीटर. १ मिलिमीटर जाडीच्या फोम टेपमध्ये ती कशीबशी सामावते. त्रिज्या ३०० झाली की पोकळी दीड मिलिमीटर होते आणि टेप फक्त टोकांना चिकटते. असा सेन्सर दोन आठवडे टिकतो आणि मग गळून पडतो.

तेव्हा बैठक ओतायची. दोन भाग मळून एकत्र करायची इपॉक्सी पुट्टी घ्या. चौकटीची जागा घासून, पुसून स्वच्छ करा. सेन्सरचं मागचं झाकण प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळा, सुरकुती राहू देऊ नका. पुट्टीचा चपटा गोळा चौकटीवर लावा आणि गुंडाळलेलं झाकण त्यावर दाबा, मात्र चौकटीच्या वळणाकडे न बघता, समोर लावलेल्या चुंबकाकडे बघून. झाकण चुंबकाला समांतर आलं की हात थांबवा. बाजूने आलेली पुट्टी ओल्या बोटाने सारखी करा, झाकण कागदी टेपने जागेवर धरून ठेवा आणि पुट्टी घट्ट होऊ द्या. मग झाकण सुटं करा, फिल्म सोला, बैठकीवर पॉलिश पेपरचा हलका हात मारा, धूळ पुसा आणि आता नेहमीच्या टेपने झाकण बसवा. बैठक रंगवली की ती चौकटीचाच भाग वाटते. या कामात हातमोजे घाला, न वाळलेली इपॉक्सी कातडीला चांगली नाही. भाड्याच्या घरात हा उपाय करण्याआधी मालकाला विचारा, कारण पुट्टी काढताना रंग निघतो.

हीच पद्धत नक्षीच्या, गोलाईच्या आणि कोरीव पट्ट्यांच्या चौकटींनाही लागू पडते. उतरत्या पट्ट्यांना पुट्टीऐवजी पाचर बरी. जाड कागद दुमडून पट्टीच्या उताराचा कोन उचला, लाकडाच्या तुकड्यावर रेघ मारा, करवतीने कापा, घासा. पाचरीची जाड बाजू कुठे येते ते दोनदा बघा. पहिल्या खिडकीवर मी ती उलटी चिकटवली होती आणि उतार दुप्पट झाला होता.

जुन्या लाकडी चौकटीचं कोरीव काम झाकायचं मनाला पटत नसेल, तर सेन्सर लाकडाच्या आत घालता येतो. दंडगोल आकाराचे लपवायचे संपर्क मिळतात. त्यांना बहुधा ९.५ मिलिमीटरच्या आसपासचं भोक लागतं: एक चौकटीच्या डोक्यात, दुसरं पल्ल्याच्या वरच्या कडेत. दोन्ही भोकं समोरासमोर येण्यासाठी चौकटीतल्या भोकाच्या मध्यावर टोकदार खिळा उभा ठेवा आणि दार बंद करा, पल्ल्यावर खूण उमटते. सेन्सर भोकात ठोकू नका, भोक तंग असेल तर वाढवा. खिडकीच्या खालच्या पट्टीत वरून भोक कधीही पाडू नका, पाणी थेट लाकडात उतरतं. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, चौकटींना तर भोक पाडूच नये. आत पाण्याचा निचरा करणारे कप्पे असतात आणि एका चुकीच्या भोकाने पाणी खोलीकडे वळतं.

सरकत्या खिडक्या

दोन ट्रॅकच्या खिडकीत आतला पल्ला सोपा आहे. सेन्सर बाजूच्या चौकटीवर किंवा भिंतीच्या कडेवर, चुंबक पल्ल्याच्या उभ्या पट्टीवर. अडचण बाहेरच्या पल्ल्याची. तो उघडताना आतल्या पल्ल्याच्या मागे जातो आणि दोघांमधली मोकळी जागा काही मिलिमीटरच असते. तिथे नेहमीच्या जाडीचा चुंबक लावला की तो आडवा येतो. ही जागा मोजायला पत्ते एकावर एक ठेवून फटीत सरकवा. जेवढे जातात त्यांची जाडी मोजा, त्यातून एक मिलिमीटर वजा करा. तेवढ्या जाडीत बसेल असा २-३ मिलिमीटरचा निओडिमियमचा पातळ चुंबक लागतो. चकतीचा चुंबक घेतलात तर एक लक्षात ठेवा. चकतीचे ध्रुव तिच्या दोन सपाट तोंडांवर असतात, म्हणून ती सेन्सरच्या मध्यासमोर न ठेवता नळीच्या एका टोकाकडे सरकवावी लागते. नेमकी जागा हाताने फिरवूनच सापडते.

दोन्ही पल्ल्यांसाठी एकच सेन्सरही पुरतो. बिनतारी सेन्सर आतल्या पल्ल्याच्या मधल्या पट्टीवर लावायचा आणि पातळ चुंबक बाहेरच्या पल्ल्यावर, त्या पट्टीला लागून. आतला सरकला तरी दोघांमधलं अंतर वाढतं, बाहेरचा सरकला तरी वाढतं. दोघांना एकाच दिशेने मिळून सरकवून फसवता येत नाही, कारण बंद स्थितीत प्रत्येक पल्ला आपापल्या टोकाला टेकलेला असतो. दोन पल्ल्यांच्या पातळीतला फरक २५-३० मिलिमीटरचा असू शकतो, म्हणून इथे मोठ्या फटीला चालणारा सेन्सर घ्या. काचेवर चुंबक लावलात तर टेप बाहेरून दिसते. त्यापेक्षा पट्टीची कड पाहा.

उघडझाप होणाऱ्या दुहेरी दाराला मात्र ही युक्ती लावू नका. एका पल्ल्यावर सेन्सर आणि दुसऱ्यावर चुंबक असेल, तर दोन्ही पल्ले एकत्र ढकलले की अंतर तेवढंच राहतं आणि पॅनेलला काही कळत नाही. तिथे प्रत्येक पल्ल्याला वरच्या चौकटीशी जोडणारा स्वतंत्र सेन्सर हवा, मधल्या फटीच्या जवळ.

डासांच्या जाळीकडे लक्ष द्या. काही जाळ्या चुंबकी पट्टीने चिकटतात. त्या पट्टीचं क्षेत्र सेन्सरपर्यंत पोचलं तर खिडकी उघडी असतानाही पॅनेल ‘बंद’ म्हणतं. एका खिडकीवर अशा बिघाडाचं कारण मी दोन दिवस शोधत होतो. शेवटी जाळी काढून ठेवली आणि सेन्सर नीट चालू लागला. दाराच्या चुंबकी स्टॉपरचंही असंच होतं, म्हणून सेन्सरची चाचणी दार पूर्ण उघडून, स्टॉपरला अडकवूनही घ्या.

लोखंड, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या आतलं लोखंड

चौकट कशाची आहे हे रंगावरून कळत नाही. हातातला चुंबक टेकवून बघा. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम किंवा लाकूड. यूपीव्हीसीवर तो हलकासा ओढला गेला तर आत मजबुतीसाठी लोखंडी पट्टी आहे.

लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःकडे वळवून घेतं. लाकडावर २० मिलिमीटर फटीला चालणारा सेन्सर लोखंडावर निम्म्या फटीलाही कुरकुर करतो. दोन्ही भागांखाली ६ ते १२ मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी द्या, किंवा लोखंडासाठीच बनवलेला मोठ्या फटीचा संपर्क घ्या. ॲल्युमिनियम चुंबकाच्या वाटेत येत नाही, पण बिनतारी सेन्सरच्या रेडिओला अडवतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या खिडकीवर चुंबक धातूवर आणि सेन्सर शेजारच्या भिंतीवर किंवा लाकडावर, असं उलटसुलट करून बघा. सेन्सर धातूवरच लावावा लागला तर खाली पट्टी द्या आणि खिडकी बंद असताना पॅनेलवर सिग्नल किती दिसतो ते पाहा. उघड्या खिडकीवर घेतलेली चाचणी फसवी ठरते.

पट्ट्यापट्ट्यांच्या काचांच्या खिडक्यांवर, म्हणजे लूव्हरवर, चुंबकी सेन्सरचा हट्ट धरू नका. एकेक काच सुटी निघते आणि चौकट जागची हलत नाही. तिथे पडद्यासारखं अरुंद क्षेत्र पाहणारा हालचालीचा सेन्सर बरा. गुंडाळत्या शटरला जमिनीवर बसणारे जाड धातूच्या वेष्टनाचे संपर्क येतात, खिडकीचे नाजूक सेन्सर तिथे टिकत नाहीत.

चिकटवणं

सेन्सर गळण्याचं कारण बहुधा टेप नसते, पृष्ठभाग असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन जागा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. फर्निचर पॉलिश, सिलिकॉनचा फवारा किंवा भुसभुशीत चुना असेल तर टेप धरणारच नाही. रंग सुटत असेल तर आधी घासून पक्क्या थरापर्यंत जा. ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेप वापरा, लावल्यावर अंगठ्याने पंधरा-वीस सेकंद जोराने दाबा आणि मग तिला वेळ द्या. साधारण तापमानात अशा टेपची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर ओढून बघू नका. १० अंश सेल्सियसखालच्या थंडीत लावायचीच असेल तर आधी जागा गरम हवेने कोमट करा.

ज्या दाराला रोज आपटलं जातं, तिथे टेपसोबत स्क्रूही द्या. स्क्रू पितळेचे किंवा चुंबकाला न चिकटणारे स्टेनलेसचे घ्या, आधी बारीक भोक पाडा, आणि शेवटचे दोन आटे हाताने फिरवा, कारण प्लॅस्टिकचं झाकण वाकलं की आतली नळी ताणली जाते. टेप काढायची वेळ आली तर पात्याने उचकू नका. केस वाळवायच्या यंत्राने ती कोमट करा आणि दात साफ करायचा दोरा (फ्लॉस) मागून करवतीसारखा चालवा.

सुटे राहिलेले निओडिमियमचे चुंबक आणि नाण्याच्या आकाराच्या बॅटऱ्या लगेच डब्यात बंद करा. मुलाने दोन चुंबक गिळले तर ते आतड्याला चिमटीत धरतात आणि बॅटरी अन्ननलिका जाळते. असा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालयात जायचं, वाट पाहायची नाही.

चाचणी

चालू-बंद होतं एवढं पाहून थांबू नका. पल्ला अगदी सावकाश उघडा आणि पॅनेल ‘उघडलं’ म्हणेल त्या क्षणी थांबा. कडीच्या बाजूला किती उघडलं ते मोजा. आता सावकाश बंद करा आणि ‘बंद’ म्हणेल ते अंतरही मोजा. दोन आकडे वेगळे येतात, कारण रीड स्विच मिटायला जेवढं जवळ यावं लागतं त्यापेक्षा सुटायला जास्त दूर जावं लागतं. माझ्या एका खिडकीवर तो १७ मिलिमीटरला मिटतो आणि २४ ला सुटतो. बंद स्थितीतली फट मिटण्याच्या आकड्याच्या साधारण निम्मी ठेवली की खुळखुळ, लाकडाचं फुगणं आणि टेपचं बसणं यांना पुरेशी सवलत मिळते. सुटण्याचा आकडा हात आत जाईल इतका मोठा आला तर चुंबक गरजेपेक्षा जवळ किंवा जास्त ताकदीचा आहे; थोडा लांब सरकवा.

लाकडी दारांवर ही मोजणी कोरड्या दिवसांत एकदा आणि सततच्या पावसात एकदा करा. लाकूड दमट हवेत रेषांना आडवं फुगतं, आणि कोरड्यात सहज बंद होणारा पल्ला पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतो. मी दोन्ही आकडे आणि तारीख सेन्सरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहितो. बॅटरी बदलायला झाकण उघडलं की जुना आकडा समोर असतो, आणि नवी मोजणी त्याच्याशी ताडून पाहता येते.